फराळाच्या ताटांतील नानकटाई

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें सनदा, तहनामे, गडांचे वेढे आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. दिवाळींत एका घरांतून निघून, क्रोशाच्या रुमालाखालीं झांकून, दुसऱ्या घरीं जाणाऱ्या ताटाचें दप्तर कोणीं ठेविलें नाहीं. ज्या बायकांनीं तें भरलें त्यांनीं रोजनिशा लिहिल्या नाहींत. ज्या मुलांनीं तें पोंचविलें त्यांचें सारें लक्ष वाटेंत त्यांतलें काय उचललें तर कळणार नाहीं याकडे. तथापि कोणीं कोणाच्या घरचें खावें हा प्रश्न ज्या समाजांत शतकानुशतकें धर्माचा प्रश्न होऊन बसला होता, त्या समाजांत असें ताट हें मोठें बोलकें साधन आहे. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्या ताटांतील एकाच पदार्थाचा माग काढण्याचें योजिलें आहे. पुण्या-मुंबईच्या अशा गोष्टी पुष्कळांनीं लिहिल्या. वऱ्हाडांतील जिल्ह्याच्या गांवांकडे लिहिणारांचें लक्ष कमी गेलें, म्हणून यवतमाळ डोळ्यांपुढें ठेवून आम्ही हा विचार करीत आहों.

लाडू, करंजी, अनारसे, शंकरपाळे, चकली, शेव, चिवडा आणि कडेला चार नानकटाया, असें तें ताट. यांत नानकटाई ही वयानें सर्वांत धाकटी. शिवाय ती एकटीच अशी आहे कीं जी घरच्या चुलीवर झालेली नाहीं. बाकीचे पदार्थ घरांतल्या कढईंतून उतरले. ही मात्र गांवांतल्या बेकरीच्या भट्टींतून आली, आणि ती भट्टी बहुधा मुसलमानाची. असें असतां ती ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, कुणब्याच्या, वाण्याच्या ताटांत येऊन बसली कशी, आणि एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरीं जाऊं लागली कशी?

आधीं ताटाची रीत सांगितली पाहिजे. तें रिकामें परत करावयाचें नाहीं, हा पहिला नियम. परत पाठवितांना घरचा फराळ तयार नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यांत घालावी. दुसरा नियम कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण तो सर्वांत कडक आहे: ताट आलें कीं त्याची परीक्षा होते. करंजीची मुरड किती बारीक, कातण्यानें कापलेला शंकरपाळा किती रेखीव, अनारशाला जाळी पडली आहे कीं नाहीं, चिरोट्याचे पदर किती सुटले, यांवरून त्या घरच्या सुनेचा हात ओळखला जातो. अक्षरावरून माणूस ओळखावा तशी मुरडीवरून बाई ओळखणाऱ्या वृद्ध स्त्रिया आम्हीं पाहिल्या आहेत. गोड पदार्थाला नटविण्याची ही हौस केवळ दिवाळीपुरती नाहीं. संक्रांतीचा हलवा घ्या. निखाऱ्याच्या मंद आंचेवर परात ठेवून तिळावर पाकाचे थेंब सोडीत, बोटांनीं हालवीत बसावें, तेव्हां कोठें त्यावर कांटा उभा राहतो. आणि मग त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट करून ते पहिल्या संक्रांतीच्या सुनेच्या किंवा बोरन्हाण घालावयाच्या लेंकराच्या अंगावर घालावयाचे! विदर्भांत होळीच्या सुमारास साखरेच्या गांठी येतात. लाकडी साच्यांत दोरा घालून त्यावर कढत पाक ओततात, थिजला कीं माळ तयार. इतरत्र ती गुढीला बांधतात. इकडे होळीला ती लहान मुलांच्या गळ्यांत पडते, व संध्याकाळपर्यंत मूल व माळ दोन्हीं चिकट होऊन जातात.

म्हणजे साखरेचें नक्षीकाम आम्हांला परकें नव्हतें, आणि ताटांची देवाणघेवाणही परकी नव्हती. नव्हती ती भट्टी. आमच्या पाकशास्त्रांत शिजविणें, तळणें, तव्यावर भाजणें हे मुख्य संस्कार. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मांडे आहेत, पोळ्या आहेत. परंतु बंद भट्टींत, चहूंकडून सारख्या आंचेनें भाजावयाचा पदार्थ घरगुती चालींत आला नाहीं. वऱ्हाडांत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात, तो त्यांतल्या त्यांत जवळचा प्रकार. पण तो शेतांतला, जत्रेंतला, चार माणसांनीं मिळून करावयाचा. भट्टी आली ती उत्तरेकडून नान भाजणाऱ्या मुसलमानांबरोबर आणि पश्चिम किनाऱ्यावर पाव करणाऱ्या पोर्तुगीजांबरोबर. गोव्यांत पावाचें पीठ माडाच्या ताडीनें फुगवीत. ताडीचा स्पर्श, परधर्मीयाचा हात आणि पाण्यानें मळलेलें पीठ, असे तिहेरी आक्षेप पावावर होते. बाटण्याशीं पावाची सांगड आमच्या बोलण्यांत फार दिवस टिकून राहिली ती यामुळेंच.

बिस्किट हें त्या पावाचेंच भावंड. त्याच्यापायीं पुण्यांत केवढें वादळ झालें तें सर्वश्रुत आहे. इ. स. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातांत धरला. या समारंभाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांच्याच करामतीनें उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, वाद. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाईंच्या आठवणींत त्या प्रकरणाची व्यथा वाचावयास मिळते. देशाच्या राज्यव्यवस्थेचा विचार करणारे हे पुरुष, आणि त्यांच्यापुढें प्रश्न एका बिस्किटाचा! हंसूं येतें खरें. परंतु ज्यांच्या घरच्या लग्नामुंजींना भटजी येईनात, श्राद्धाला ब्राह्मण मिळेनात, त्या घरांतल्या बायकांना त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नसेल. १८९८ सालीं दिल्लींत 'हिंदु बिस्किट कंपनी' या नांवाचा कारखाना निघाला, तो याच भीतीवरचा तोडगा होता: बिस्किट तेंच, पण करणारे हात उच्चवर्णीय हिंदूंचे.

यवतमाळाच्या बाजूनें मात्र निराळाच तोडगा निघाला, आणि त्याला ना कंपनी लागली ना शंकराचार्यांची आज्ञा. तो तोडगा म्हणजे नानकटाई.

नांव फारशी आहे. 'नान' म्हणजे रोटी हें उघड आहे. 'खताई' म्हणजे खता देशची, अर्थात् चीनकडची, असें कांहीं पंडित सांगतात. जन्म सूरतेचा, अशी समजूत आहे. तेथें डच लोकांची वखार सतराव्या शतकांत स्थापन झाली. डच लोक निघून गेले तेव्हां त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला नांवाच्या पारशाकडे आली. पाव खपेना, म्हणून तो वाळवून विकावा लागला. त्यांतून खुसखुशीत पदार्थांचा नाद लागला आणि शेवटीं नानकटाई झाली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका कितपत खरी हें असो; सूरतेहून मुंबईस आणि मुंबईहून रेल्वेच्या रुळांबरोबर ती देशावर व वऱ्हाडांत पसरली असावी असें मानावयास हरकत नाहीं.

आतां तिची घडण पहा. मैद्याच्या निम्म्याहून जरा अधिक तूप, तितकीच पिठीसाखर, थोडा रवा किंवा डाळीचें पीठ, वेलदोडा, जायफळ. परातींत तूप तळहातानें फेसावयाचें. फेसतां फेसतां तें पांढरें व हलकें होतें, मग साखर, मग पीठ. पाण्याचा थेंब नाहीं. ताडी नाहीं, अंडें नाहीं, आंबविणें नाहीं. ज्यांनीं सोवळ्या-ओंवळ्याचें शास्त्र जुन्या घरांत पाहिलें आहे त्यांना या एका गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको. आमच्याकडे पाण्यांत शिजलेलें किंवा पाण्यांत मळून भाजलेलें अन्न तें खरकटें. दुधांत भिजविलेली दशमी मात्र खरकटी नव्हे, म्हणून ती प्रवासांत चाले आणि कडक आचाराची माणसेंही ती बरोबर बांधून नेत. त्याच न्यायानें तुपांत मळलेली नानकटाई खरकटी ठरत नाहीं. उरला प्रश्न हाताचा. त्याचें उत्तर असें कीं पीठ आमचें, तूप आमचें, साखर आमची, मळणारे हातही आमचे. बेकरीवाल्याचा फक्त अग्नि, आणि अग्नीला विटाळ नाहीं! कोणा शास्त्र्यानें हा निर्णय दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तो स्वयंपाकघरांत लागला. सुधारकांनीं व्याख्यानें देऊन जें साधलें नाहीं तें बायकांनीं आचाराच्या नियमांतच एक फट शोधून साधलें, असें आम्हांस वाटतें. आणि सुधारकांची थोरवी मान्य करूनही आम्हांला ह्या फटीचें कौतुक अधिक आहे.

यवतमाळ हें त्या काळीं वाढतें गांव होतें. १८६४ सालीं वेगळा झालेला हा जिल्हा पूर्वीं वणीच्या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. कापसाच्या जोरावर येथें सरकीचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापुरास जाणारी ती चिमुकली अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. ती आतां धावत नाहीं. तिच्या आठवणी मात्र गांवोगांव आहेत. कचेरींतील कारकून, वकील, मास्तर, मारवाडी व गुजराती व्यापारी, बोहरी दुकानदार, असा नाना ठिकाणचा माणूस एका गल्लींत राहूं लागला. जिल्ह्याचें पीक ज्वारी आणि कापूस. मैदा आणि साखर यावयाची ती बाहेरून. भट्टीही अशीच बाहेरून आलेली. जुन्या गांवांत शेजार जातीचा असे. या नव्या गांवांत तो नोकरीचा व धंद्याचा झाला. दिवाळीचें ताट त्या शेजाराचा पहिला करार होता म्हणावयास हरकत नाहीं.

दिवाळीपूर्वींचे आठ दिवस बेकरीच्या दारांत जी गर्दी लोटे तिचें वर्णन केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. घरून पीठ मळून, पातेल्यावर फडकें बांधून बायका-मुलें निघत. कोणी सामानच नेत व तेथल्या पत्र्यांवर बसून गोळे वळीत. भट्टी विटांची, घुमटाच्या आकाराची. तिच्या पोटांत लांकडें जाळून ती लाल करावयाची, मग राख ओढून काढावयाची. पहिल्या कडक आंचेवर पावाची पाळी. आंच उतरूं लागली कीं नानकटाईची. यामुळें ही पाळी बहुधा दुपारीं येई, आणि ज्याची पातेली आधीं आली त्याचा नंबर आधीं, या न्यायापुढें वकीलसाहेबांचा गडी आणि शिंप्याची मुलगी दोघांनाही सारखेंच तिष्ठत बसावें लागे. पत्रा ओळखूं यावा म्हणून त्यावर नांवाची चिठ्ठी असे; पण चिठ्ठी भट्टींत करपणार, म्हणून खरी ओळख नक्षीची. कोणी गोळ्याच्या मध्यें अंगठ्यानें खळगा करून त्यांत चारोळी दाबी, कोणी सुरीनें फुली काढी, कोणी पिस्त्याचे काप व केशराची काडी ठेवी, कोणी कातण्यानें कडा कापून फूल करी. हौस तर खरीच, पण हीच घरोघरची सही. दोन घरांची फुली सारखी निघाली तर तंटा ठरलेला!

बेकरीवाला लांब दांड्याच्या लांकडी फळीनें पत्रे आंत सारी, आणि कोणता पत्रा कोपऱ्यांतून मध्यें आणावयाचा हें त्याला घड्याळाशिवाय कळे. नानकटाईला बुडाशीं बदामी रंग आला पाहिजे, वर मात्र ती पांढरट राहून तिला तडे गेले पाहिजेत. त्याच्या भाजणावळीचा हिशेब पिठाच्या वजनावर होई. पैसे देऊन झाल्यावर पहिल्या पत्र्यावरच्या दोन-चार नानकटाया त्याच्या मुलांच्या हातांवर ठेवावयाच्या, हें वेगळें. पुढें दिवाळींत त्याच्याही घरीं ताट जाऊं लागलें, आणि ईदेला त्याच्याकडचा शिरखुर्मा येऊं लागला. तो शिरखुर्मा सगळ्यांनीं प्याला असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं घरांत तो मागच्या दारानें मोलकरणीकडे जात असे. पण ताट रिकामें परत जात नसे.

साखरेचाही एक इतिहास या चार नानकटायांत दडलेला आहे. जुन्या माणसांच्या तोंडीं पांढऱ्या साखरेला 'मोरस' हा शब्द होता. मॉरिशस बेटाहून येणारी ती मोरस. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखर हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात म्हणून तिच्यावर बहिष्कार पडला, व कित्येक घरांत देवाच्या नैवेद्याला गूळ परत आला. १९३२ सालीं देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, आणि थोड्याच वर्षांत तीसएक कारखान्यांचे शंभराच्या वर कारखाने झाले. पुढें उमरखेड तालुक्यांत पोफाळीस, म्हणजे याच जिल्ह्यांत, सहकारी कारखाना निघाला. मध्यंतरीं महायुद्ध, नियंत्रणें, शिधापत्रिका. सणाची जादा साखर मिळणार कीं नाहीं यावर त्या वर्षीं ताटांत किती नानकटाया दिसणार तें ठरे. तुपाची गोष्ट याहून खेदाची. १९३७ सालीं डालडा बाजारांत आला आणि हळूहळू नानकटाईंत शिरला. त्यानें ती अधिक खुसखुशीत होते असें करणारणी सांगतात. होत असेल, पण तोंडांत ठेवल्यावर टाळूला जो पापुद्रा चिकटतो तो साजुक तुपाचा नव्हे.

इतकें सांगून झाल्यावर ताटाची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दिवाळींत घरांतून दोन प्रकारचें देणें बाहेर पडे. एक ताट, दुसरी पोस्त. ताट बरोबरीच्या घरीं जाई व परत येई. पोस्त हाताखालच्यांना मिळे आणि परत येत नसे. झाडणारा, कपडे धुणारी, सरपण फोडणारा यांच्या पदरांत दाराबाहेर जें पडे त्यांत नानकटाई असे, पण त्यावर रुमाल नसे. मुसलमान बेकरीवाल्याच्या घरीं ताट पोंचलें त्या काळांतही गांवकुसाबाहेरच्या महारवाड्यांत तें पोंचलें नाहीं, आणि तिकडचें ताट स्वीकारण्याचा तर प्रश्नच कोणाच्या मनांत आला नाहीं. अग्नीला विटाळ नाहीं ही युक्ति ज्यांना सुचली त्यांना माणसालाही विटाळ नाहीं हें सुचूं नये, ही त्या फटीची मर्यादा. १९५६ सालीं नागपुरास डॉक्टर आंबेडकरांनीं धर्मांतर केलें. तेव्हांपासून दसरा-दिवाळीच्या दिवसांचा अर्थच त्या वस्त्यांत पालटला, आणि ताटाची वाट पाहण्याचें कारण त्यांना उरलें नाहीं.

ख्रिस्ती घरांची गोष्ट वेगळी. यवतमाळास फ्री मेथॉडिस्ट नांवाच्या अमेरिकन मिशनचें ठाणें जुनें आहे. १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही मोठी धर्मशिक्षणसंस्थाही येथेंच होती, मग ती पुण्यास गेली. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळांत जें ताट येतें त्यांत करंजी असते, शंकरपाळे असतात, चकली असते, आणि नानकटाईही असते. दिवाळीचें ताट दोन महिन्यांनीं परत आलें असें एखाद्या पाहुण्याला वाटावें! ज्या बिस्किटासाठीं १८९० सालीं लोकांना वाळींत टाकलें, तें बिस्किट मिशनच्या अंगणांतून मराठी वेष घेऊन, वेलदोड्याचा वास घेऊन दारीं येतें, आणि आतां तें उचलतांना कोणी प्रायश्चित्ताचा विचार करीत नाहीं.

आज विजेच्या भट्ट्या घरोघरीं आहेत. तयार फराळाचे डबे दुकानांत मिळतात व विमानानें परदेशच्या मुलांकडे जातात. त्यांतल्या नानकटाया एकाच सांच्यांतल्या. कोणाची फुली, कोणाचा खळगा, हें त्यावरून ओळखणें नाहीं. बेकरीच्या दारांतली रांग पुष्कळ ओसरली आहे. ताटें मात्र अजून फिरतात, विशेषतः जेथें त्यांची गरज अधिक तेथें.

आमच्याकडे अशी चाल आहे कीं ज्या घरांत वर्षाच्या आंत मृत्यु झाला असेल तेथें दिवाळीची कढई चढत नाहीं. त्या घरच्या मुलांना फराळ मिळतो तो शेजाऱ्यांकडून व नातलगांकडून, आणि त्या घराकडून परतीच्या ताटाची अपेक्षा कोणी ठेवीत नाहीं. ताट रिकामें पाठवूं नये या नियमाला हा एवढाच अपवाद. यवतमाळ जिल्ह्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अशीं घरें फार झालीं. कापसाचा भाव, पावसाची ओढ, डोक्यावरचें कर्ज यांपायीं शेतकऱ्यांनीं आपले जीव दिले. २००६ च्या जुलैंत पंतप्रधान डॉक्टर मनमोहनसिंग विदर्भांत आले आणि यवतमाळासह सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर झाली. तरी त्यानंतरही अशा घरांची संख्या थांबली नाहीं. दिवाळी येते ती नेमकी कापूस वेंचणीच्या तोंडावर. बोंडें फुटलेलीं असतात, पण माल बाजारांत जाऊन पैसा हातीं यावयाचा असतो, आणि ज्यानें पेरणी केली तो माणूस घरांत नसतो. अशा घरीं पाठवावयाच्या ताटांत कांहीं बायका नानकटाई जरा जास्त घालतात. चिवडा मऊ पडतो, करंजीच्या सारणाला आठ-दहा दिवसांत खवट वास येऊं लागतो. नानकटाई घट्ट झांकणाच्या डब्यांत तीन आठवडे चांगली राहते, आणि तितक्या दिवसांत पहिल्या वेंचणीचा कापूस विकला जातो.